उंदराला पाजतात तो अर्क नव्हे

विचारणा अशी : ‘जेंटामायसिनमुळे उंदरांच्या मूत्रपिंडांवर येणारा ऑक्सिडीकारक ताण पुनर्नवेच्या अर्काने कमी झाला’ या वाक्यात ‘अर्क’ बरोबर की ‘सत्त्व’? आणि ‘ताण’ चालेल का? (जेंटामायसिन हे प्रतिजैविक, पुनर्नवा ही औषधी वनस्पती आणि ऑक्सिडीकारक ताण म्हणजे ऑक्सिजनच्या उपद्रवी रेणूंचा पेशींवर होणारा मारा.)

अर्क नको, सत्त्वही नको. हल्ली कुठल्याही पाल्याचं काहीही बाटलीत भरलं की झाला अर्क! सूर्य आणि रुई हे अर्थ संस्कृत, ते सोडा. ओव्याचा अर्क मात्र अरबी. मूळ शब्द ‘अरक’, म्हणजे घाम! भट्टीवरची वाफ गार भांड्याला लागते, थेंब जमतात, ओघळतात. भांड्याला फुटलेला हा घाम म्हणजे अर्क. ‘सूर्य रस शोषतो म्हणून अर्क’ असं सांगणारे पंडित रावणाच्या नावावर खपवलेला ‘अर्कप्रकाश’ पुढे करतात. ग्रंथ संस्कृतात लिहिला म्हणून त्यातला शब्द संस्कृत ठरतो, हे अजब तर्कशास्त्र! ‘काय अर्क आहे हा!’ हेही भट्टीतूनच आलं, असं माझं ठाम मत आहे : बाकीचं पाणी गाळून उरलेला निव्वळ इरसालपणा. (‘इरसाल’सुद्धा अरबीच. मूळ अर्थ पाठवणी.)

आता प्रयोगशाळेत बघा. पुनर्नवेच्या मुळांची भुकटी पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजवतात, गाळतात, द्रव उडवून लावतात. तळाशी उरतो काळपट चिकट गोळा. तो वजनाच्या हिशेबाने उंदराच्या पोटात नळीने सोडतात. ताणाशी झुंजणारी पॉलिफेनॉलं या गोळ्यात असतात आणि ती सहसा वाफेबरोबर वर चढतच नाहीत. म्हणजे खरोखर अर्क काढलात तर औषध भांड्यात राहील आणि उंदराला मिळेल वासाचं पाणी! सत्त्व म्हणाल, तर गुळवेलीचं सत्त्व हा पाण्यात तळाला बसलेला पिठूळ साका. या गोळ्याला वैद्यांचा ‘घन’ हा शब्द तयार आहे. घनवटीतला घन तोच. काढा आटवून केलेला. शास्त्रीय लेखात ‘निष्कर्ष’ लिहितात, पण मग लेखाच्या शेवटी येणाऱ्या निष्कर्षांचं काय करायचं?

‘ताण’ चालेल. उंदराला टेन्शन आलेलं नसतं, एवढं वाचकाला कळलं म्हणजे झालं.

आणि जेंटामायसिनच्या रोमन स्पेलिंगमध्ये ‘एम’नंतर ‘वाय’ घालू नका. स्ट्रेप्टोमायसिन स्ट्रेप्टोमायसीस नावाच्या जिवाणूपासून आलं, त्याला ‘वाय’. जेंटामायसिन १९६३ साली जगापुढे आलं ते मायक्रोमोनोस्पोरा या दुसऱ्या जिवाणूपासून, म्हणून याला ‘आय’. औषधाच्या दुकानांच्या पाट्यांवरही हे चुकलेलं दिसतं.