बॉनर गोळ्यांच्या मोजणीवरून न्यूट्रॉनचा ऊर्जा-वर्णपट (कुठल्या ऊर्जेचे किती न्यूट्रॉन) काढायला मशीन लर्निंग खरंच उपयोगी पडतं का?

पडतं, पण ट्रेनिंगचा डेटा जितका चांगला तितकंच.

मूळ अडचण गणिताची आहे. बॉनर गोळे ही १९६० पासूनची पद्धत: वेगवेगळ्या व्यासांचे पॉलिथिनचे गोळे आणि मधोमध मंद न्यूट्रॉन टिपणारा डिटेक्टर, बहुधा हेलियम-३ चा. गोळे जेमतेम आठ-दहा, ऊर्जेचे कप्पे मात्र पन्नास-साठ. म्हणजे एकाच मोजणीत बसतील असे असंख्य वर्णपट. मोजणीवरून वर्णपट काढणारे ग्रॅव्हेल, मॅक्स्ड हे जुने प्रोग्राम सुरुवातीचा अंदाज मागतात. तो चुकला की उत्तरही वाकतं.

न्यूरल नेटवर्कला असा अंदाज लागत नाही म्हणतात. मला हे अर्धसत्य वाटतं. अंदाज असतोच, फक्त ट्रेनिंगच्या वर्णपटांत दडलेला. आयएईएचा (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था) २००१ चा न्यूट्रॉन वर्णपटांचा संग्रह त्यासाठी सोयीचा आहे, पण त्यात नसलेल्या आकाराचा वर्णपट समोर आला की मॉडेल अगदी ठामपणे चुकतं.

करायचंच असेल तर ट्रेनिंगच्या काउंटमध्ये पॉइसन नॉइज (मोजणीत आपोआप येणारा यादृच्छिक चढउतार) मिसळा. आलेला वर्णपट रिस्पॉन्स मॅट्रिक्समधून (कुठल्या ऊर्जेला कुठला गोळा किती प्रतिसाद देतो याचा तक्ता) परत फिरवा, म्हणजे त्यावरून काउंट काढा. मूळ काउंट जुळले नाहीत तर उत्तर सरळ फेकून द्या; जुळले, तरी ते बरोबरच असेल असं नाही.