रिंगिंगला, म्हणजे पक्ष्यांच्या पायात नंबरचं कडं घालायच्या कामाला, पहिल्यांदा येतोयस ना?
ऐरोलीच्या खाडीकाठी येतोयस, तर पहिल्याच दिवशी पक्षी हातात मिळेल ही आशा सोड. आधी वही सांभाळ. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) कड्यावरचा नंबर एकाने मोठ्याने वाचायचा, तू तो परत म्हणून दाखवायचा आणि मगच लिहायचा. एक आकडा चुकला, की तो पक्षी पुढे सायबेरियात सापडला तरी आपल्याला उपयोग शून्य.

जाळ्यात अडकलेला पक्षी ज्या बाजूने शिरला त्याच बाजूने काढतात. बघत राहा, मध्ये हात घालू नकोस. छोटा टिलवा, म्हणजे खाडीच्या चिखलात चरणारा चिमुकला पक्षी, असतो जेमतेम २५ ग्रॅमच्या आसपास. त्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरायची, मूठ सैल. पक्ष्याची छाती हलली तरच श्वास चालतो. ती दाबलीस तर तो गुदमरेल. चोच वासून धापा टाकू लागला, तर मापं राहू देत, सोडून दे. फोटोसाठी थांबवणारे मला अजिबात चालत नाहीत.

भरतीची वेळ बघूनच ये, गमबूट आण. आणि हौस म्हणून स्वतः जाळं लावू नकोस. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते.