लिनक्स कर्नलच्या ड्रायव्हरमध्ये स्पार्स आणि स्मॅच या, कोड न चालवता त्यातल्या चुका शोधणाऱ्या टूल्सच्या ढीगभर वॉर्निंग येतात. कास्ट टाकून (म्हणजे व्हॅल्यूचा प्रकार जबरदस्तीने बदलून) किंवा व्हेरिएबल शून्य करून त्या घालवल्या तर चालतील का?

नाही, तसं करू नका. जुना प्लॅटफॉर्म ड्रायव्हर हाती आलाय, टूल चालवल्यावर शंभराहून जास्त ओळी येतात आणि वरिष्ठांना यादी कोरी हवी आहे, असं तुम्ही लिहिलंय. अडचण समजते. पण वॉर्निंग म्हणजे टूलने विचारलेला प्रश्न असतो. कास्ट टाकलात की उत्तर न देताच प्रश्न पुसला जातो, आणि खालची चूक खरी असेल तर ती दाखवणारी एकमेव खूणही जाते.

आधी यादी पूर्ण आहे का ते बघा. कर्नल बिल्ड करणाऱ्या मेक कमांडला सी=१ दिलं की फक्त नव्याने कंपाइल होणाऱ्या फाइल्सवर स्पार्स चालतं. आधीच बिल्ड झालेल्या सोर्स कोडवर ते चालवून ‘एकही वॉर्निंग नाही’ असं समजणारे बरेच असतात. सी=२ द्या, म्हणजे सगळ्या फाइल्स तपासल्या जातात. सोबत कंपायलरच्या जादा वॉर्निंग दाखवणारं डब्ल्यू=१ लावा. इफडेफमध्ये, म्हणजे कॉन्फिगच्या अटीने, बंद असलेला कोड ही टूल्स बघत नाहीत, म्हणून जवळपास सगळं मॉड्यूल म्हणून चालू करणाऱ्या ऑलमॉडकॉन्फिगवर एकदा आणि ३२ बिटसाठी एकदा चालवा. आउटपुट फाइलमध्ये ठेवा. प्रत्येक पॅचनंतर जुन्या-नव्या आउटपुटचा डिफ (फरक) काढायला ती लागेल.

आता कुठून सुरुवात करायची? मी सगळ्यात आधी एरर पॉइंटरच्या वॉर्निंग घेईन. ड्रायव्हरमध्ये खऱ्या चुका तिथेच जास्त सापडतात आणि दुरुस्ती एका ओळीची असते. कर्नलमधली काही फंक्शन्स अपयशी ठरली की नल (शून्य पत्ता) देतात, काही उणे एरर क्रमांकच पॉइंटरमध्ये घालून देतात. नावं इतकी सारखी की डोळा फसतो: डेव्हएम_आयओरिमॅप नल देतं, पण डेव्हएम_आयओरिमॅप_रिसोर्स एरर पॉइंटर देतं. दुसऱ्यावर नुसती नलची तपासणी लावली तर उणे १२, म्हणजे मेमरी नाही हा एरर, नल नसल्यामुळे चाळणीतून पार होतो. पुढच्या रीडएलला (रजिस्टर वाचणाऱ्या फंक्शनला) तो रजिस्टरचा पत्ता वाटतो आणि कर्नल तिथेच कोसळतो. स्मॅच अशा ठिकाणी सांगतं की हा पॉइंटर एरर तरी असेल किंवा वैध तरी, नल कधीच नसेल.

उलटी चूक जास्त वाईट, कारण ती आवाज करत नाही. फंक्शन नल देतं, तपासणीही नलचीच आहे, पण आत लिहिलंय ‘रिटर्न पीटीआर_ईआरआर(बेस)’. पीटीआर_ईआरआर पॉइंटरमधला एरर क्रमांक काढून देतं, आणि नलचा पीटीआर_ईआरआर शून्य येतो. शून्य म्हणजे यश. प्रोब (डिव्हाइस सुरू करणारं ड्रायव्हरचं फंक्शन) यशस्वी झाला असं ड्रायव्हर कोअर समजतं, डिव्हाइस बांधलं जातं, आणि पहिल्या खऱ्या वापराला नल पॉइंटर वाचला जातो. ‘पीटीआर_ईआरआरला शून्य दिलंय’ ही वॉर्निंग दिसली की बाकी सगळं बाजूला ठेवून ती बघा. ‘एरर कोड राहिला’ ही वॉर्निंग याच जातीची: गोटूने एररच्या लेबलवर उडी मारली, पण रेटमध्ये (परत द्यायच्या व्हेरिएबलमध्ये) आधीच्या यशस्वी कॉलचं शून्यच पडून होतं.

तुमच्या यादीतली ‘अनसाइन्ड आयआरक्यू शून्यापेक्षा कमी असूच शकत नाही’ ही ओळ अनेकांना किरकोळ वाटते. ती किरकोळ नाही. आयआरक्यू म्हणजे इंटरप्टचा क्रमांक, आणि अनसाइन्ड व्हेरिएबलमध्ये उणे आकडा मावत नाही. प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यू कधीकधी उणे ५१७ परत करतं, म्हणजे ‘इंटरप्ट कंट्रोलर अजून तयार नाही, नंतर या’. अनसाइन्ड व्हेरिएबलमध्ये त्याचे ४२९४९६६७७९ होतात, तपासणी लागत नाही, मग रिक्वेस्ट_आयआरक्यू असा इंटरप्टच नाही म्हणून दुसरा एरर देतं. ‘नंतर या’ हा निरोप हरवला, त्यामुळे ड्रायव्हर कोअर पुन्हा प्रोब करत नाही. एका बूटला डिव्हाइस दिसतं, दुसऱ्याला नाही, आणि लोक हार्डवेअरला दोष देत बसतात. व्हेरिएबल साधा इंट करा, काम झालं.

स्पार्सच्या वॉर्निंगमध्ये कास्टचा मोह सर्वात जास्त होतो. ‘रिस्ट्रिक्टेड एलई३२’ (एलई म्हणजे लिटल एंडियन, सर्वात लहान बाइट आधी) असं दिसलं की ही व्हॅल्यू कुठे राहते ते विचारा. डीएमए डिस्क्रिप्टर मेमरीत असतो आणि हार्डवेअर तो थेट वाचतं, म्हणून तिथे सीपीयूच्या क्रमातून लिटल एंडियनमध्ये नेणारं सीपीयू_टू_एलई३२ हवंच. पण रजिस्टरमध्ये लिहिणारं राइटएल हे रूपांतर स्वतःच करतं. त्याच्या आत पुन्हा सीपीयू_टू_एलई३२ घातलं तर बिग एंडियन (उलट बाइटक्रमाच्या) मशीनवर बाइट्स दोनदा उलटतात. एक्स८६ वर दोन्हीकडचं रूपांतर काहीच बदलत नाही, त्यामुळे तुमच्या टेबलावरच्या मशीनवर ही चूक कधीच दिसणार नाही. कधीकधी कोड बरोबर असतो आणि स्ट्रक्टमधला प्रकार तेवढा चुकीचा लिहिलेला असतो, तेव्हा प्रकार बदला. आयओमेमच्या, म्हणजे डिव्हाइसच्या मेमरीच्या पॉइंटरबद्दलच्या, वॉर्निंगवर व्हॉइड पॉइंटरचा कास्ट टाकून साधं मेमकॉपी वापरलं तर एआरएम६४ वर अलाइन न केलेला ॲक्सेस डिव्हाइस मेमरीवर फॉल्ट देऊ शकतो. तिथे मेमकॉपी_टूआयओ आणि मेमकॉपी_फ्रॉमआयओ आहेत.

‘तपासणीआधीच पॉइंटर वापरलाय’ ही वॉर्निंग किती महत्त्वाची असू शकते याचं उदाहरण २००९ चं आहे. लिनक्स २.६.३० मधल्या टीयूएन (आभासी नेटवर्क) ड्रायव्हरच्या पोल फंक्शनमध्ये वर टीयूएन नावाच्या पॉइंटरमधून सॉकेटचा पॉइंटर वाचला होता आणि त्याच्या खाली ‘टीयूएन नल असेल तर पोलएरर द्या’ अशी तपासणी होती. पॉइंटर आधीच वाचला म्हणजे तो नल असूच शकत नाही, असा हिशेब करून जीसीसी कंपायलरने ती तपासणीच उडवली. नल पानावर मेमरी मॅप करता येत असलेल्या सिस्टिमवर त्यातून रूटचे अधिकार मिळवून दाखवले गेले. नंतर नलच्या तपासण्या उडवू नयेत म्हणून कर्नलच्या बिल्डमध्ये वेगळा फ्लॅग आला. पण तुमच्या कोडमध्ये फ्लॅगच्या भरवशावर राहू नका. कॉल करणारे सगळे शोधा. पॉइंटर कधीच नल येत नसेल तर तपासणी काढा, येत असेल तर वाचन खाली न्या. फक्त एक लक्षात ठेवा: ‘डेव्ह = &पीडेव्ह->डेव्ह’ हे वाचन नाही, नुसता पत्ता काढणं आहे.

रेट शून्य करण्याबद्दल. चॅनेल मोजणारा लूप एकदाही फिरला नाही तर रेट कोरा राहतो, अशी वॉर्निंग आहे समजा. ‘इंट रेट = ०’ लिहिलं की तुम्ही म्हणताय, एकही चॅनेल नसणं हे यश आहे. डिव्हाइसला किमान एक चॅनेल लागत असेल तर ते खोटं आहे, तिथे उणे ईएनओडीईव्ही (असं डिव्हाइस नाही हा एरर) हवं. शिवाय वरच शून्य घातल्यावर उद्या कुणी नवी वाट जोडून रेट भरायला विसरलं, तर कंपायलर गप्प बसेल.

लॉकच्या वॉर्निंगमध्ये खोट्या बऱ्याच निघतात. फंक्शन मुद्दाम लॉक धरून परतत असेल तर स्मॅचला ती विसंगती वाटते. तरीही मधला एखादा रिटर्न अनलॉक न करता निसटतोय का, ते वाचूनच ठरवा. स्पिनलॉक धरलेला असताना कोडला थांबून झोपता येत नाही, आणि जीएफपी_कर्नलने मेमरी मागितली तर झोपावं लागू शकतं; अशी मागणी केल्याची वॉर्निंग मात्र खोटी असेल असं गृहीत धरू नका. कॉलची साखळी शेवटपर्यंत वाचा.

खोटी ठरलेली वॉर्निंग तशीच राहू द्या. टूलला खूश करायला कोड वाकडा करू नका. वाचणारा माणूसही तिथे अडखळत असेल तरच तो भाग सोपा करून लिहा.

पॅच पाठवताना एका प्रकारच्या चुकीला एक पॅच ठेवा. वर्णनात ‘स्मॅचची वॉर्निंग घालवली’ एवढंच नको: कुठल्या वाटेने गेल्यावर काय बिघडतं ते लिहा, टूलचं नाव द्या, आणि चूक ज्या कमिटमध्ये आली त्याच्या हॅशची पहिली १२ अक्षरं फिक्सेस टॅगमध्ये द्या. हार्डवेअर हाताशी नसेल तर फक्त कंपाइल करून पाहिलंय असं स्पष्ट सांगा. तुमच्या वरिष्ठांना कोऱ्या यादीऐवजी तीन रकाने दाखवा: दुरुस्त केलेल्या, खोट्या ठरलेल्या, आणि हार्डवेअर मिळेपर्यंत थांबवलेल्या. खोट्या ठरलेल्या प्रत्येकीपुढे कारण एका वाक्यात लिहा. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर ती वॉर्निंग अजून पहिल्या किंवा तिसऱ्या रकान्यातली आहे.