वाचकांचे प्रश्न : पाण्याच्या मागाने थरचे वाळवंट

दिवाळीनंतरच्या प्रवासाविषयी गोमंतकीय वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे या वेळी पश्चिम राजस्थानाबद्दल आहेत. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : डिसेंबरमध्ये आम्हाला आठ दिवसांची सवड आहे. सत्तरी ओलांडलेले आई-वडील सोबत असतील. प्रवासी कंपन्या जयपूर, उदयपूर, जोधपूर आणि जैसलमेर एवढे सगळे आठ दिवसांत दाखवतात. तसे जावे का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : जाता येईल, परंतु त्यात दिवसाचा निम्मा वेळ गाडीत जाईल आणि आई-वडिलांच्या वाट्याला दमणूकच अधिक येईल. जयपूर आणि उदयपूर वेगळ्या सहलीसाठी राखून ठेवावे आणि या वेळी बिकानेर, जैसलमेर आणि जोधपूर ही तीनच शहरे निवांतपणे पाहावीत, असे आम्ही सुचवू. मडगावहून कोकण रेल्वेमार्गे अजमेरकडे आणि बिकानेरकडे जाणाऱ्या साप्ताहिक गाड्या आहेत. त्यांचे वार आधी पाहून मगच सुटीच्या तारखा ठरवाव्यात. बिकानेर ते जैसलमेर हे अंतर सुमारे सव्वातीनशे किलोमीटर आहे आणि जैसलमेर ते जोधपूर त्याहून थोडे कमी. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात वर जाण्यासाठी उद्वाहकाची सोय आहे, त्यामुळे वडीलधाऱ्यांना चढाचा त्रास होणार नाही. जैसलमेरच्या किल्ल्यात जाण्यासाठी मात्र फरसबंदीची चढण आहे. डिसेंबरातल्या रात्री तेथे गोव्यातल्या माणसाला कल्पना करता येणार नाही इतक्या थंड असतात, म्हणून गरम कपडे हलकेफुलके नेऊ नयेत.

जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांसाठी एक संध्याकाळ पुरेशी आहे. थरचा बराच भाग वाळूच्या टेकड्यांचा नसून खडकाळ माळाचा, खुरट्या झुडपांचा आणि गवताचा आहे. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर जैसलमेरला सरासरी जेमतेम दोनशे मिलिमीटर पडतो. एवढ्या पाण्यावर माणसांनी शहरे कशी वसवली आणि पिके कशी काढली, हे डोळ्यांसमोर ठेवून हिंडलात, तर तेथील प्रत्येक वास्तू अधिक बोलकी होईल.

प्रश्न : जैसलमेरच्या किल्ल्यातच राहण्याची सोय असलेली हॉटेले आहेत. मात्र तेथे राहू नये, असे कोणीतरी सांगितले. त्यात तथ्य आहे का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : तथ्य आहे, आणि हा प्रश्न आपण जाण्यापूर्वी विचारला याचे आम्हाला मनापासून समाधान वाटते. रावळ जैसल याने ११५६ साली त्रिकूट टेकडीवर वसवलेला हा किल्ला आजही नांदता आहे. तटाच्या आत काही हजार लोक राहतात, दुकाने आहेत, देवळे आहेत. राजस्थानातील ज्या सहा गिरिदुर्गांना २०१३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यांत हा एक आहे. परंतु ज्या टेकडीवर तो उभा आहे तिच्या पोटात कणखर कातळ नाही. वालुकाश्माच्या थरांबरोबर तेथे चिकणमातीचे आणि ठिसूळ दगडाचे थर आहेत, आणि त्यांत पाणी मुरले की ते भुसभुशीत होऊन सरकू लागतात.

शेकडो वर्षे या टेकडीत मुरण्याइतके पाणी किल्ल्यात नव्हतेच. पावसाचे पाणी पायथ्याच्या गडीसर तलावात साठायचे आणि बायका घडे भरून ते वर आणायच्या. एवढ्या कष्टाने आणलेल्या पाण्याचा थेंबही कोणी वाया घालवत नसे. पुढे नळ आले, इंदिरा गांधी कालव्याचे पाणी शहरापर्यंत पोहोचले, घराघरांत आणि मग हॉटेलांच्या खोल्याखोल्यांत न्हाणीघरे झाली. सांडपाण्याची वाट मात्र त्या मानाने झाली नाही. गळक्या नळांतून आणि गटारांतून पाणी टेकडीत झिरपत राहिले, तटाचे काही बुरूज ढासळले, आणि १९९० च्या दशकात हा किल्ला जगातील धोक्यात आलेल्या वारसास्थळांच्या यादीत जाऊन बसला. त्यानंतर डागडुजी झाली, गटारांची कामेही झाली, तरी धोका टळला आहे असे कोणी जाणकार म्हणत नाही.

गोव्यातल्या माणसाला हे समजणे कठीण जाऊ नये. जुन्या गोव्यातील बॉम जेजू चर्चच्या जांभ्या दगडावरचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकण्यात आला, आणि तेव्हापासून पावसाळ्यागणिक तो उघडा दगड झिजतो आहे. गोव्याची इमारत वरून येणाऱ्या पाण्याने खंगते आहे, जैसलमेरची खालून मुरणाऱ्या पाण्याने.

म्हणून मुक्काम तटाबाहेर शहरात करावा. दिवसा मात्र किल्ल्यात भरपूर वेळ द्यावा, कारण तेथील रहिवाशांचा चरितार्थ पाहुण्यांवरच चालतो. जेवण, खरेदी आणि वाटाड्याची बिदागी हे सारे किल्ल्यातच करावे. बारावे ते सोळावे शतक या काळात बांधली गेलेली तेथील जैन मंदिरे सकाळी पाहावीत. पिवळ्या दगडातले कोरीवकाम उन्हाच्या तिरप्या किरणांत फार सुरेख दिसते. तटाच्या भिंती निरखून पाहिल्यास दगडांच्या सांध्यांत चुना बहुतेक ठिकाणी दिसत नाही, कारण बरेचसे बांधकाम दगडात दगड अडकवून केलेले आहे. जेथे पाणीच दुर्मीळ, तेथे चुना भिजवायला आणि बांधकामावर शिंपायला ते कोठून आणणार?

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझी दोन्ही मुले राजेरजवाड्यांच्या तलवारी आणि पालख्या पाहून लवकर कंटाळतात. त्यांना रमवील असे एखादे संग्रहालय त्या भागात आहे का? (एक शिक्षिका, डिचोली)

उत्तर : जोधपूरच्या बाहेर मोकलावास गावाजवळ ‘अरणा झरणा’ नावाचे वाळवंटाचे संग्रहालय आहे. तेथे मुलांना अवश्य न्यावे. राजस्थानातील लोकसंगीताचे आणि लोकजीवनाचे थोर अभ्यासक कोमल कोठारी (१९२९–२००४) यांच्या कल्पनेतून ते उभे राहिले. लंगा आणि मांगणियार गायकांना जगापुढे आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता, परंतु त्यांचे कुतूहल संगीतापुरते मर्यादित नव्हते. राजस्थानाकडे ते बाजरीचा, ज्वारीचा आणि मक्याचा प्रदेश अशा नजरेने पाहत, म्हणजे राजाच्या सीमेऐवजी भाकरीच्या पिठावरून.

या संग्रहालयातील मुख्य संग्रह आहे केरसुण्यांचा. वाळवंटी गवतांच्या, काटक्यांच्या, शिंदीच्या पानांच्या आणि बांबूच्या केरसुण्या तेथे मांडलेल्या आहेत. घरात वापरायची मऊ केरसुणी आणि अंगण किंवा खळे झाडायचा राठ खराटा यांतला फरक प्रत्यक्ष पाहता येतो. कोणत्या मातीत कोणते गवत येते, ते कोण कापते, कोण बांधते, बाजारात कोण विकते, असा एकेका केरसुणीमागचा सगळा व्यवहार तेथे उलगडतो. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहताना आणि माडाच्या हिरांच्या खराट्याने अंगण झाडताना पाहिलेली आपली मुले तेथे प्रश्नांवर प्रश्न विचारतील, याची आम्हाला खात्री आहे. जाण्यापूर्वी एखाद्या रविवारी त्यांना बाणावलीचे ‘गोवा चित्र’ दाखवता आले, तर फारच उत्तम. शेतीची आणि घरकामाची जुनी अवजारे तेथे त्यांना हाताच्या अंतरावर पाहायला मिळतील.

बिकानेरचे गंगा राजकीय (म्हणजे सरकारी) संग्रहालयही चुकवू नये. लुइजी पियो तेस्सितोरी या इटालियन पंडिताने वाळवंटात उंटावरून हिंडून जमवलेल्या मातीच्या प्राचीन मूर्ती तेथे आहेत. १९१४ साली भारतात आलेला हा तरुण चारणांच्या काव्याचा अभ्यास करता करता पुराणवस्तूंकडे वळला आणि १९१९ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, बिकानेरलाच वारला. हनुमानगड जिल्ह्यातील कालीबंगा येथील टेकाडांचे महत्त्व ज्यांना प्रथम जाणवले त्यांत तो होता. पुढे १९६० च्या दशकात तेथे झालेल्या उत्खननात हडप्पापूर्व काळातले नांगरलेले शेत सापडले. त्यात एका दिशेच्या सऱ्या जवळजवळ आहेत, तर त्यांना आडव्या जाणाऱ्या सऱ्या दूरदूर. त्या भागातले शेतकरी हरभरा आणि मोहरी एकाच शेतात पेरताना अगदी अलीकडेपर्यंत अशाच सऱ्या पाडत असत. संरक्षणासाठी ते शेत पुन्हा मातीने झाकले असल्यामुळे जागेवर दिसत नाही, परंतु कालीबंगाच्या संग्रहालयात उत्खननातील वस्तू पाहता येतात. बिकानेरहून हे ठिकाण बरेच दूर आहे, त्यामुळे वेगळा पूर्ण दिवस असेल तरच बेत करावा.

प्रश्न : जैसलमेरजवळचे कुलधरा गाव शापित असून तेथे रात्री भुते दिसतात, असे चित्रफितींत दाखवतात. हे खरे आहे का? (एक विद्यार्थी, मडगाव)

उत्तर : नाही. हे पालीवाल ब्राह्मणांचे गाव एकोणिसाव्या शतकात ओस पडले. दिवाण सालिमसिंगाच्या जुलमाला कंटाळून सगळे एका रात्रीत निघून गेले, अशी कथा तेथे सांगतात. आटत गेलेले भूजल, कराचा बोजा आणि भूकंप अशी कारणे अभ्यासकांनी पुढे मांडली आहेत. भुतांच्या नादात या लोकांची खरी करामत बाजूला पडते, याचे आम्हाला वाईट वाटते. ती करामत म्हणजे ‘खडीन’. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पावसाचे पाणी खोलगट जमिनीच्या शेवटी लांबलचक मातीचा बांध घालून ते अडवत. जास्तीचे पाणी सांडव्यावरून जाई आणि उरलेले जमिनीत जिरे. पावसाळा सरल्यावर त्या ओलाव्यावर गहू आणि हरभरा पिके, तोही वरून पाण्याचा थेंब न देता. आपल्याकडील खाजन (खाडीकाठच्या सखल जमिनीतल्या) शेतीतले बांध आणि मानस (पाणी अडवणारी दारे) खारे पाणी बाहेर ठेवतात. येथे बांध गोडे पाणी आत ठेवतो. जैसलमेर भागात काही खडिनांत आजही पीक घेतले जाते. कुलधऱ्याला गेल्यावर गाडीवाल्याला सांगून एखादे खडीन अवश्य पाहावे.

प्रश्न : आम्ही पक्षीनिरीक्षणासाठी जात आहोत. माळढोक दिसेल का? (दोघे मित्र, वाळपई)

उत्तर : दिसण्याची शक्यता देशात कोठे असेल तर ती जैसलमेर भागातच, तरी दिसेलच असे सांगता येत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरून जवळजवळ नाहीसा झालेला हा पक्षी आता जगात दीडशेहूनही कमी उरला आहे. तेथे त्याला गोडावण म्हणतात. मादी बहुधा एका हंगामात एकच अंडे घालते. त्यातच या जड अंगाच्या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही, त्यामुळे उडताना विजेच्या तारा टाळणे त्याला जमत नाही आणि त्यांवर आदळून तो मरतो. या प्रश्नावर २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानेही आदेश दिला. सौर आणि पवनऊर्जेचे प्रकल्प याच माळांवर उभे राहत असल्याने त्यावर सोपा तोडगा नाही. सम येथे कृत्रिम प्रजननाचे केंद्र चालते आणि २०२४ साली कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. सुमारे ३,१६२ चौरस किलोमीटरच्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात सुदासरीच्या भागासाठी वनखात्याची परवानगी आधी घ्यावी आणि वाट सोडून गाडी मुळीच घालू नये, कारण हा पक्षी उघड्या जमिनीवरच अंडे घालतो.

माळढोक न दिसला तरी फलोदीजवळच्या खीचन गावी निराशा होणार नाही. मध्य आशियातून आणि मंगोलियाकडून हजारो करकोचे हिवाळ्यात तेथे उतरतात, आणि गावकरी त्यांच्यासाठी रोज दाणे टाकतात. या पाणथळ जागेला २०२५ साली रामसर दर्जा मिळाला.

वनस्पतींची आवड असल्यास जोधपूरला मेहरानगडाच्या पायथ्याशी राव जोधा उद्यान पाहावे. सुमारे सत्तर हेक्टरच्या त्या ज्वालामुखीजन्य खडकात विलायती बाभूळ माजली होती, आणि नुसती तोडून ती जात नसे. २००६ पासून दगडखाणीच्या कामात मुरलेल्या खांडवालियांना बोलावून हातोडी-छिन्नीने खडक फोडून तिची मुळे काढण्यात आली. खडकावर हातोडी मारून उमटणाऱ्या आवाजावरून तो कोठे फुटेल हे त्यांना कळत असे. मोकळ्या झालेल्या त्याच खळग्यांत माती भरून थरची मूळ झाडे-झुडपे लावली, आणि आज त्यांतून आखलेल्या पायवाटांनी हिंडता येते.

प्रश्न : आकलच्या जीवाश्म उद्यानात मुद्दाम जावे का? (एक वाचक, साखळी)

उत्तर : होय. जैसलमेरहून बाडमेर रस्त्याने हे ठिकाण सुमारे सतरा किलोमीटरवर आहे आणि अर्ध्या सकाळीत पाहून परतता येते. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांची दगड झालेली खोडे तेथे उघड्या माळावर पडलेली आहेत. सर्वांत लांब खोड तेरा मीटरच्या आसपास भरते. मोठ्या खोडांवर जाळ्या आणि पत्र्याचे छप्पर आहे, त्यामुळे बाहेरून ती फारशी नजरेत भरत नाहीत. जाळीजवळ वाकून पाहिल्यास लाकडाचा मूळ पोत दगडात स्पष्ट दिसतो. सावली नाही, म्हणून सकाळी उघडताच जावे, आणि जमिनीवरचे सुटे तुकडे उचलण्यास मनाई आहे हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.