‘पायरेट’ नेमकं कोणाला म्हणायचं? वाचकांचे प्रश्न

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकाच्या झेरॉक्सला ‘पायरेटेड’ म्हणतात. समुद्रातल्या चाच्यांचा पुस्तकाशी काय संबंध?
– विद्यार्थिनी, दारव्हा

मूळ शब्द ग्रीक, ‘पेइरातेस’. प्रयत्न करणं, चाल करून जाणं अशा अर्थाच्या क्रियापदावरून तो आला. लॅटिनमध्ये त्याचा ‘पिराता’ झाला आणि पुढे तो इंग्रजीत पोचला. दुसऱ्याचं पुस्तक न विचारता छापून विकणाऱ्यांना हा शब्द लागला तो सतराव्या शतकात, म्हणजे सीडी-मोबाइलच्या कितीतरी आधी. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. स्वतःच्या अभ्यासापुरती काही पानं काढणं वेगळं आणि अख्खं पुस्तक छापून विकणं वेगळं, हा फरक तो कायदाही मानतो.

इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांना पायरेट म्हटलं. मुलांना काय सांगू?
– शिक्षक, मेहकर

ठामपणे सांगा, ते चाचे नव्हते, मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख होते. त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना न घेता जाणारी जहाजं ते पकडत. हे इंग्रजांना दरोडेखोरी वाटे. पण पोर्तुगीज त्याआधी दोनशे वर्षं ‘कार्ताझ’ नावाचा असाच परवाना सक्तीने घ्यायला लावत होते! १७२१मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. मुलांना इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकचंही उदाहरण द्या. स्पेनच्या लेखी तो चाचा होता, इंग्लंडच्या राणीने त्यालाच १५८१मध्ये ‘सर’ केलं. आजच्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यातही चाचेगिरी म्हणजे खाजगी फायद्यासाठी केलेली लूट. राज्याच्या सेनापतीला ते माप लावणं मला साफ चुकीचं वाटतं.

आमच्याकडे विनापरवाना कापूस बियाण्याला ‘चोरबीटी’ म्हणतात. हीपण पायरसीच काय? अन् घरचं बियाणं पेरलं तर?
– शेतकरी, अकोट तालुका

घरचं बियाणं बिनधास्त पेरा. राखून ठेवणं, पेरणं, शेजाऱ्याला देणं हा २००१च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने दिलेला तुमचा हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. चोरबीटीचं दुखणं वेगळं आहे. तणनाशक सहन करणाऱ्या या कपाशीला सरकारी मंजुरीच नाही, म्हणून ती चोरून विकली जाते. २०१९मध्ये तुमच्याच जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने ती उघडपणे पेरून मंजुरी मागितली होती. तो वाद मोठा आहे, पण सध्या फटका तुम्हालाच बसतो. पावती नाही, लेबल नाही. उगवलं नाही तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? शेतकऱ्याला चोर ठरवणारं हे नाव मला खटकतं, तरी विनापावतीची पिशवी घेऊ नका.

हळदीचं पेटंट अमेरिकेने घेतलं होतं म्हणे?
– बचत गट, समुद्रपूर तालुका

हो. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट तिथल्या एका विद्यापीठाला १९९५मध्ये मिळालं. आपल्या सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवले, १९९७मध्ये ते रद्द झालं. लोकांचं ज्ञान असं परस्पर लाटणं म्हणजे ‘बायोपायरसी’. तिथे तोंडी सांगणं चाललं नसतं, लेखी पुरावाच लागला. तुमच्या भागात वायगावची हळद आहे. ती कशी लावता, कशाकशावर वापरता, हे ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडून लोकजैवविविधता नोंदवहीत लिहून घ्या. म्हाताऱ्या बायांना आधी बसवा.