गीझरचा व्हॉल्व्ह ठिबकतोय? बूच मारू नका

आधी हे समजून घ्या. २० अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत तापलं की साधारण दीड टक्क्याने फुगतं. म्हणजे २५ लिटरच्या टाकीत जवळपास पावणेचारशे मिली जास्तीचं पाणी. इनलेटला नॉन-रिटर्न (पाणी एकाच दिशेने सोडणारा) व्हॉल्व्ह असेल तर त्याला मागे जाता येत नाही, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह ते थेंबाथेंबाने सोडतो. तापताना ठिबकणं हा बिघाड नव्हेच. गीझर बंद असतानाही गळत असेल, तर मात्र व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय किंवा लाइनचा दाब जास्त आहे.

बूच मारलं आणि त्यातच थर्मोस्टॅट चिकटून हीटर चालूच राहिला, जास्त तापल्यावर वीज तोडणारा कटआउटही निकामी निघाला, तर पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही दाबामुळे द्रवच राहतं. टाकी फाटली की दाब एकदम उतरतो, त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते आणि वाफेला सुमारे १६०० पट जागा लागते. पत्रा ते काय सहन करणार!

सेफ्टी व्हॉल्व्ह आणि टाकीच्या मध्ये कोणताही कॉक नको. ड्रेन पाइप उताराचा, तोंड उघडं. दर सहा महिन्यांनी, पाणी गार असताना, व्हॉल्व्हचा लिव्हर उचलून पाहा. पाणी आलं नाही तर व्हॉल्व्ह बदला.

नळातून वाफ फुरफुरत आली तर मेन स्विच बंद करून खोलीबाहेर पडा. लिव्हरला हात लावू नका.

सेटिंग ६० ठेवा, पण तेवढं गरम पाणी पाचेक सेकंदांत भाजतं; लहान मुलं असतील तर गार पाणी मिसळून देणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह लावाच.