मुका माज आणि पैशाचा माज

म्हशींच्या संगोपनावरच्या एका लेखात 'मुका माज' असा शब्द वाचला. माज म्हणजे गर्व ना, मग तो मुका कसा, असा प्रश्न आला आहे.

तिथे गर्वाचा काही संबंध नाही. पण गोठ्यातला हा माज आणि गर्वाचा माज, दोन्हींचं मूळ एकच. गाय किंवा म्हैस फळण्याच्या अवस्थेत आली की ती 'माजावर आली' म्हणतात. गाईला साधारण दर 21 दिवसांनी माज येतो. ती सारखी हंबरते, वैरणीत तोंड घालत नाही, दाव्याला हिसके देते, शेजारच्या जनावरावर उडते. म्हशीत, त्यातही उन्हाळ्यात, ही लक्षणं कित्येकदा दिसतच नाहीत. तो मुका माज. किती नेमका शब्द आहे!

मूळ संस्कृत 'मद्' धातूत. माद्यति, प्राकृतात मज्जइ, मराठीत माजणे. 'द्य'चा 'ज' होताना आपण अद्य-आज, विद्युत्-वीज इथेही पाहतो. मद म्हणजे धुंदी, कैफ. म्हणून तर क्रियापदं बघा: अभिमान वाटतो, गर्व होतो, पण माज चढतो आणि उतरतो, अगदी नशेसारखा. शिवाय तो कशाचा तरी असतो. पैशाचा, सत्तेचा, ताकदीचा. गर्व मनातल्या मनात राहू शकतो, माज वागण्यात दिसतोच. रांगेतल्या माणसांकडे न बघता थेट खिडकीशी जाऊन 'मला ओळखलं नाही का?' विचारणारा माणूस गर्विष्ठ नव्हे, माजोरडा.

'माजणे'त हीच बेबंद वाढ आहे. तण माजतं, रान माजतं, गोंधळ माजतो, बजबजपुरी माजते. शांतता मात्र कधी माजत नाही, ती नांदते.

अलीकडे 'गर्व नाही, माज आहे' असं लोक कौतुकाने म्हणतात. ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. मराठीत गर्व हा दुर्गुणच होता, 'गर्वाचं घर खाली' म्हणणारे आपण. हिंदीच्या सहवासाने तो अभिमानाच्या जागी जाऊन बसला, त्याची धार गेली, आणि धारेसाठी तरुणांनी माज उचलला, असं मला दिसतं. तरी लेकीच्या यशाबद्दल बोलताना आईने 'मला तिचा अभिमान वाटतो' असंच म्हणावं. 'माज' म्हटलं की समोर कुणीतरी खिजवायला लागतं.

जाता जाता, 'माजघर' यातलं नव्हे. तो 'माज' मध्य या शब्दापासून आलेला, संध्याची सांज झाली तसा. माजघर म्हणजे मधलं घर. संतांच्या ओव्यांतला 'माजी', म्हणजे 'मध्ये', तोही त्याच घरातला.